अ‍ॅब्लेटिव्ह हीट शील्डचे एकमितीय मॉडेल: टॅकॉटवर हात बसवून पायकापर्यंत

अंतराळयान वातावरणात शिरते तेव्हा त्याच्या पुढच्या कवचाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. पृष्ठभाग किती तापेल? कवच किती मिलिमीटर झिजेल? आणि कवच ज्या गोंदाने यानाला चिकटवले आहे, त्या गोंदाच्या रेषेवर (बॉन्डलाइनवर) तापमान कुठवर जाईल? पहिल्या दोन प्रश्नांचीच चर्चा जास्त होते. कवचाची जाडी मात्र बहुतेक वेळा तिसराच प्रश्न ठरवतो.

हा लेख हलक्या घनतेच्या कार्बन-फिनॉलिक अ‍ॅब्लेटरचे (स्वतः जळत-झिजत उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचे) एकमितीय मॉडेल स्वतः बांधणाऱ्यांसाठी आहे. उष्णतावहनाचे समीकरण सोडवणारा छोटा पायथन कोड लिहिता येतो, एवढे गृहीत धरले आहे. नासाचा खुला कोड पाटो (ओपनफोमवर बांधलेला) किंवा फियाटसारखा जुना, मुरलेला कोड वापरणार असाल तरी पायऱ्या याच राहतात, फक्त त्या तुमच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या असतात. त्यात काय गृहीत धरले आहे हे ठाऊक नसेल, तर उत्तर बरोबर आले की योगायोगाने जुळले हे कळायला मार्ग नाही.

पदार्थ आधी समजून घ्या

पायका हा पदार्थ नासाच्या एम्स केंद्रात १९९०च्या दशकात तयार झाला. कार्बन तंतूंचा सच्छिद्र ठोकळा घ्यायचा आणि त्यात फिनॉलिक रेझिन मुरवायचे. घनता पाण्याच्या जेमतेम पाव पट. तापू लागला की साधारण ५०० केल्विनच्या पुढे रेझिन विघटित होते, वायू सुटतात आणि मागे कोळसा उरतो. हे वायू तापलेल्या कोळसाथरातून बाहेरच्या दिशेने झिरपताना उष्णता शोषतात, पृष्ठभागावरून बाहेर पडताना गरम हवेचा थर थोडा दूर ढकलतात. पृष्ठभागावरचा कोळसा ऑक्सिजनशी संयोग पावून झिजतो. ३,००० केल्विनच्या वर संप्लवनही सुरू होते. आणि तापलेला काळा पृष्ठभाग मिळालेल्या उष्णतेचा मोठा वाटा प्रारणाने परत फेकतो. हा शेवटचा वाटा नवशिक्यांना नेहमी कमी वाटतो. प्रत्यक्षात बऱ्याच मोहिमांत तोच सगळ्यात मोठा असतो.

खऱ्या पायकाची संपूर्ण माहिती खुली नाही, अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांत ती अडकते. म्हणून अ‍ॅब्लेशनवर काम करणाऱ्यांनी टॅकॉट नावाचा एक काल्पनिक पदार्थ ठरवून घेतला. पायकासारखाच, पण आकडे सगळ्यांसाठी खुले. सुरुवात इथूनच करा. आकडे असे: तंतूंनी व्यापलेले आकारमान १० टक्के, रेझिनचे १० टक्के, उरलेली ८० टक्के पोकळी. तंतूंची घनता १,६०० आणि रेझिनची १,२०० किग्रॅ प्रति घनमीटर. म्हणजे कोऱ्या पदार्थात तंतू १६० आणि रेझिन १२०, एकूण २८०. रेझिनचे निम्मे वस्तुमान वायू होऊन जाते, त्यामुळे पूर्ण कोळशाची घनता २२०. हा हिशेब कागदावर करून ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडेल.

उष्णतावाहकता आणि विशिष्ट उष्मा हे तापमानानुसार बदलतात आणि कोऱ्या पदार्थासाठी व कोळशासाठी वेगवेगळे तक्ते असतात. अर्धवट जळलेल्या पदार्थासाठी या दोन तक्त्यांमधले मूल्य काढावे लागते. इथे पहिला खड्डा आहे. घनता २५० असेल तेव्हा विघटन निम्मे झाले, म्हणून ५०-५० टक्के मिश्रण घ्यायचे की वस्तुमानाच्या प्रमाणात? वस्तुमानाने मोजले तर कोऱ्या पदार्थाचा वाटा (१ − २२०/२५०) भागिले (१ − २२०/२८०), म्हणजे ०.५६ येतो. जुन्या कोडांच्या परंपरेत वस्तुमानाचाच वाटा वापरतात. कोणताही घ्या, पण ज्या कोडशी तुलना करणार त्याने जो घेतला तोच घ्या.

उष्णतेचा भार ठरवा

पूर्ण सीएफडी (वायुप्रवाहाची संगणकीय गणना) करण्याआधी सटन-ग्रेव्हज सूत्राने हाताने आकडा काढा. नाकाच्या बिंदूवरचा संवहनी उष्णताप्रवाह = स्थिरांक × (हवेची घनता ÷ नाकाची त्रिज्या) याचे वर्गमूळ × वेगाचा घन. एसआय एककांत पृथ्वीसाठी स्थिरांक ०.०००१७४, मंगळासाठी ०.०००१९.

धूमकेतूची धूळ आणणाऱ्या नासाच्या स्टारडस्ट मोहिमेची कुपी जानेवारी २००६मध्ये सेकंदाला सुमारे १२.९ किमी वेगाने परतली. तिच्या नाकाची त्रिज्या साधारण ०.२३ मीटर. ६० किमी उंचीवर घनता ०.०००३१ किग्रॅ प्रति घनमीटर धरू आणि तोवर वेग ११ किमी प्रति सेकंदावर आला असे मानू. उत्तर येते सुमारे ८.५ मेगावॉट प्रति चौरस मीटर, म्हणजे ८५० वॉट प्रति चौ. सेंमी. एका ओळीच्या सूत्रासाठी हे पुष्कळ चांगले आहे.

मॉडेलला मात्र थेट उष्णताप्रवाह देऊ नका. त्याला दोन वेगळ्या गोष्टी लागतात: रिकव्हरी एन्थाल्पी (येणाऱ्या वायूची किलोमागची ऊर्जा) आणि उष्णता-वहन गुणांक. एन्थाल्पी म्हणजे जवळपास वेगाच्या वर्गाचा निम्मा, वरच्या उदाहरणात ६०.५ मेगाज्यूल प्रति किग्रॅ. प्रवाहाला तिने भागले की गुणांक मिळतो ०.१४ किग्रॅ प्रति चौ. मी. प्रति सेकंद. हे दोन आकडे वेगळे ठेवण्याचे कारण असे की पृष्ठभाग तापत गेला की आत येणारी उष्णता आपोआप घटते. ठोक प्रवाह दिला तर ही घट हरवते आणि कवच विनाकारण जाड होते.

बाहेरच्या तापलेल्या वायूचे प्रारण हा तिसरा घटक. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून परतताना तो नगण्य असतो. इस्रोची एसआरई-१ कुपी २२ जानेवारी २००७ रोजी बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्या नाकावर कार्बन-फिनॉलिक होते, बाकी भागावर सिलिका टाइल्स. तिथे एन्थाल्पी ३० मेगाज्यूलच्या आसपास, म्हणून केवळ संवहन धरून भागते. चंद्रावरून किंवा त्यापलीकडून परतणाऱ्या यानाला प्रारणाचा वाटा मोजावाच लागतो.

पायरोलिसिस: नऊपटीचा घोळ

रेझिनचे विघटन दोन आऱ्हेनियस प्रक्रियांनी मांडतात. तंतूंना तिसरा घटक मानायचे आणि त्याचे विघटन शून्य. पहिल्या प्रक्रियेची सक्रियण ऊर्जा सुमारे ७१ आणि दुसरीची १७० किलोज्यूल प्रति मोल, दोन्हींची कोटी ३. पहिला घटक घनता ३००पासून शून्यावर येतो, दुसरा ९००वरून ६००वर. (हे आकडे पोकळी वगळून आहेत. ०.१ने गुणले की वर काढलेले १२० आणि ६० परत मिळतात. मिळाले नाहीत तर पुढे जाऊ नका.)

आता मेख. दराचे सूत्र दोन प्रकारे लिहितात. एका प्रकारात उरलेले रेझिन मूळ घनतेने भागतात, दुसऱ्यात मूळ आणि अंतिम घनतेच्या फरकाने. पहिल्या घटकाची अंतिम घनता शून्य असल्याने त्याला फरक पडत नाही. दुसऱ्याला पडतो, आणि चांगलाच. पहिल्या रीतीने सुरुवातीचा दर ९०० × (३००/९००)चा घन, म्हणजे ३३.३ येतो. दुसऱ्या रीतीने सरळ ३००. बरोबर ९ पट फरक. म्हणूनच एकाच पदार्थासाठी एका ठिकाणी घातांकापूर्व गुणक ४.४८ गुणिले १०चा ९वा घात दिसतो, तर दुसऱ्या ठिकाणी ४.९८ गुणिले १०चा ८वा घात. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या सूत्रासह. एका कोडमधला आकडा उचलून दुसऱ्या सूत्रात घातला, की विघटनाचा पट्टा काही दशांश मिलिमीटरने सरकतो आणि आलेखाकडे पाहून काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. म्हणून जास्त धोकादायक.

स्वतःच्या पदार्थासाठी हे आकडे टीजीए चाचणीतून (नमुना तापवत त्याचे घटते वजन मोजणे) काढणार असाल तर आणखी एक सावधगिरी. प्रयोगशाळेत नमुना मिनिटाला १०-२० केल्विनने तापवतात, वातावरणात शिरताना पृष्ठभागाजवळ सेकंदाला शेकडो केल्विन. एकाच तापनदरावर बसवलेले गुणक दुसऱ्या टोकाला भरवशाचे नसतात. निदान तीन वेगवेगळ्या दरांवर चाचणी घेऊन एकाच संचाने तिन्ही वक्र जुळतात का पाहा.

आतली उष्णता आणि मेश

ऊर्जेच्या समीकरणात चार गोष्टी येतात: वहन, विघटनात शोषली जाणारी ऊर्जा, बाहेर झिरपणाऱ्या वायूने उचललेली उष्णता, आणि पृष्ठभाग मागे सरकत असल्याने मेशच्या (गणनेसाठी जाडीचे पाडलेले कप्पे) हालचालीचे पद. सगळ्यांच्या एन्थाल्पीचा शून्यबिंदू एकच हवा: २९८ केल्विन, निर्मिती-एन्थाल्पीसह. टॅकॉटच्या कोऱ्या पदार्थाची निर्मिती-एन्थाल्पी उणे ०.८६ मेगाज्यूल प्रति किग्रॅ आहे आणि कोळशाची शून्य. वायूचा तक्ता एका संदर्भावर आणि घन पदार्थाचा दुसऱ्यावर असला, तर मॉडेल शांतपणे उष्णता निर्माण करत किंवा गिळत राहते.

पायरोलिसिस वायूची एन्थाल्पी समतोल रसायनशास्त्राच्या कोडने काढतात: नासाचा सीईए किंवा फॉन कारमान संस्थेचा म्युटेशन++. टॅकॉटच्या वायूचे मोल-प्रमाण कार्बन ०.२०६, हायड्रोजन ०.६७९, ऑक्सिजन ०.११५. एन्थाल्पी दाबानुसारही बदलते, त्यामुळे एकाच वातावरणीय दाबाचा तक्ता मंगळाच्या मोहिमेला वापरू नका.

मेश किती बारीक हवा याचा अंदाज विसरण-लांबीवरून घ्या. तापलेल्या कोळशाची विसरणक्षमता सुमारे २.३ गुणिले १०चा उणे ६वा घात, चौ. मी. प्रति सेकंद. ०.१ सेकंदात उष्णता जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत जाते. त्या अर्ध्या मिलिमीटरात दहा कप्पे हवेत, म्हणजे पहिला कप्पा ०.०५ मिमीचा. पुढचा प्रत्येक कप्पा ५ टक्क्यांनी मोठा केला तर ५० मिमी जाडी ८१ कप्प्यांत संपते. लॅपटॉपला हे काहीच नाही, तेव्हा इथे कंजुषी करू नका. उष्णता एकदम चढते तेव्हा कालपायरी ०.००१ सेकंद ठेवा, नंतर ०.०५पर्यंत वाढू द्या.

पृष्ठभाग झिजतो तसा मेश आक्रसवायचा. हे करताना तापमान नव्या बिंदूंवर आणायला सगळ्यांना आठवते, पण रेझिनच्या दोन्ही घटकांच्या घनताही आणाव्या लागतात हे सुटून जाते. लक्षण ओळखायला सोपे: पृष्ठभागाजवळ पूर्ण कोळसा असूनही घनता २२०च्या वर रेंगाळते, किंवा हळूहळू २८०कडे चढू लागते.

पृष्ठभागाचा ताळेबंद

आत वाहणारी उष्णता = संवहनाने आलेली + बाहेरच्या प्रारणातून शोषलेली + पायरोलिसिस वायू व झिजलेल्या कोळशाने पृष्ठभागापर्यंत आणलेली एन्थाल्पी − हे दोन्ही मिसळून वायुरूपात निघून गेलेली एन्थाल्पी − परत फेकलेले प्रारण.

कोळसा किती झिजेल हे बी-प्राइम तक्त्यातून येते. बी-प्राइम म्हणजे पृष्ठभागावरून निघणारे वस्तुमान भागिले वहन-गुणांक. तापमान, दाब आणि पायरोलिसिस वायूचा बी-प्राइम दिला की तक्ता कोळशाचा बी-प्राइम आणि पृष्ठभागावरच्या वायूची एन्थाल्पी देतो. तक्ता बनवला की सर्वांत आधी एक आकडा तपासा: पायरोलिसिस वायू शून्य असताना हवेत कोळशाचा बी-प्राइम मधल्या तापमानपट्ट्यात सपाट होऊन ०.१७४च्या आसपास बसला पाहिजे. हवेतल्या ऑक्सिजनचे वस्तुमान-प्रमाण ०.२३२, तो सगळा कार्बन मोनॉक्साइडमध्ये गेला तर गुणिले १२/१६. मंगळाच्या जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये हीच पातळी १२/४४ म्हणजे ०.२७च्या किंचित खाली येते. तुमचा तक्ता याहून दूर असेल तर घन कार्बन मिश्रणात धरायचा राहून गेला आहे, किंवा मोल आणि वस्तुमान यांची गल्लत झाली आहे.

बाहेर पडणारा वायू संवहन कमी करतो. त्याची दुरुस्तीही दोन रूपांत मिळते. बी-प्राइम दुरुस्त गुणांकावर आधारलेला असेल तर १ + २λबी या राशीचा नैसर्गिक लॉग भागिले २λबी. मूळ गुणांकावर आधारलेला असेल तर φ भागिले (ई-चा φ-वा घात − १), जिथे φ म्हणजे २λ गुणिले मूळ गुणांकावरचा बी-प्राइम. बीजगणिताने दोन्ही एकच आहेत. एकीची व्याख्या दुसऱ्या सूत्रात घातली तरच चूक होते. λ हा प्रवाहाच्या प्रकारानुसार घ्यायचा स्थिरांक: लॅमिनार प्रवाहासाठी ०.५, टर्ब्युलंटसाठी ०.४.

तापमान न्यूटन पद्धतीने काढा. पण तक्त्याच्या दोन कडांवर ती हमखास अडखळते. सुरुवातीला वहन-गुणांक अजून लहान असतो आणि वायू सुटू लागलेला असतो, त्यामुळे वायूचा बी-प्राइम तक्त्याबाहेर उडी मारतो. शेवटी भार संपतो, गुणांक शून्य होतो, आणि शून्याने भागाकार. पहिल्यासाठी तक्ता मोठ्या मूल्यांपर्यंत वाढवा, दुसऱ्यासाठी एका मर्यादेखाली गुणांक गेला की फक्त प्रारणाची सीमा-अट लावा. तक्त्याबाहेर गेल्यावर गुपचूप शेवटचे मूल्य घेणारा कोड लिहू नका. घेतले तर लॉगमध्ये नोंद पडलीच पाहिजे.

एका वेळी एकच कळ

सगळे घटक एकदम चालू करून उत्तर जुळवायला बसलात तर आठवडे जातील. पायऱ्या अशा.

प्रथम निव्वळ वहन. विघटन बंद, गुणधर्म स्थिर. विसरणक्षमता १०चा उणे ६वा घात, सुरुवातीचे तापमान २९८ केल्विन, पृष्ठभाग एकदम १,६४४ केल्विनवर. ६० सेकंदांनी १० मिमी खोलीवर एर्फसी (पूरक त्रुटी-फलन, erfc) सूत्राने ७८४ केल्विन यायला हवे. एक-दोन केल्विनहून जास्त फरक असेल तर मेश किंवा कालपायरी चुकली.

मग विघटन चालू, पृष्ठभाग १,६४४ केल्विनवरच बांधलेला, झीज बंद. हीच अ‍ॅब्लेशन कार्यशाळेची पहिली ठरलेली कसोटी: ५० मिमी टॅकॉट, ६० सेकंद. इथे वस्तुमानाचा ताळेबंद करा. बाहेर पडलेला एकूण वायू आणि आतल्या घनतेतली एकूण घट जुळलीच पाहिजे, आणि कोणत्याही परिस्थितीत ३ किग्रॅ प्रति चौ. मी.च्या वर जाता कामा नये (६० गुणिले ०.०५). ऊर्जेचा ताळेबंद १ टक्क्याच्या आत.

त्यानंतर संवहन, आधी झीज बंद ठेवून आणि मग चालू करून. कार्यशाळेच्या दुसऱ्या मालिकेत गुणांक ०.३ आणि एन्थाल्पी कमी भारासाठी १.५, जास्त भारासाठी २५ मेगाज्यूल प्रति किग्रॅ आहे; ६० सेकंद तापवणे, ६० सेकंद निवणे. जास्त भाराचा अंदाज हाताने काढता येतो. ०.३ × २५ म्हणजे ७.५ मेगावॉट, सगळे प्रारणाने परत फेकले आणि उत्सर्जकता ०.९ धरली तर ३,४८० केल्विन. ही वरची मर्यादा, खरे उत्तर तिच्या काही शे केल्विन खाली असणार. झिजेचा अंदाज: बी-प्राइम ०.१७४, वायुदुरुस्ती ०.९२, गुणिले ०.३, भागिले २२०. सेकंदाला ०.२२ मिमी, ६० सेकंदांत १३ मिमी. कोडने ३ किंवा ४० मिमी दाखवले तर चूक शोधा.

याच आकड्यांतून एक जुनी सवयही उघडी पडते. झिजेचा वेग सेकंदाला ०.२ मिमी आणि विसरणक्षमता २.३ गुणिले १०चा उणे ६वा घात असेल, तर स्थिर अवस्था यायला विसरणक्षमता भागिले वेगाचा वर्ग, म्हणजे जवळपास ५७ सेकंद लागतात. उष्णतेचा झोत साधारण तेवढाच टिकतो. म्हणून "प्रति किलो झिजेमागे इतकी उष्णता" असा एकच आकडा घेऊन जाडी काढण्याची पद्धत जड, झपाट्याने झिजणाऱ्या पदार्थांना चालून जाते. पायकाच्या जातीच्या पदार्थांना नाही.

वायूला बाहेर पडायला वाट आहे का?

फियाटसारखे पारंपरिक कोड असे मानतात की सुटलेला वायू तत्काळ पृष्ठभागाकडे जातो, आत दाब साठत नाही. झीज आणि तापमानासाठी हे गृहीतक बहुधा चालते. कवच शाबूत राहील का, या प्रश्नाला ते पुरत नाही.

डार्सीच्या नियमाने हाताने बघा. आतल्या दाबाचा वर्ग वजा पृष्ठभागावरच्या दाबाचा वर्ग = २ × वायूचा प्रवाह × श्यानता × जाडी × वायू-स्थिरांक × तापमान ÷ (रेणुभार × पारगम्यता). प्रवाह ०.०२ किग्रॅ प्रति चौ. मी. प्रति सेकंद, श्यानता ५ गुणिले १०चा उणे ५वा घात, १० मिमी जाडी, १,५०० केल्विन, मोलमागे १८ ग्रॅम, बाहेर ३० किलोपास्कल. टॅकॉटच्या कोळशाची पारगम्यता २ गुणिले १०चा उणे ११वा घात चौ. मी. घातली तर आतला दाब सुमारे ४० किलोपास्कल येतो, म्हणजे फक्त १०ची वाढ. काळजीचे कारण नाही. आता पारगम्यता शंभर पटींनी कमी करा. आतला दाब २६० किलोपास्कलच्या पुढे जातो. ठिसूळ कोळशाला हा दाब आतून बाहेर ढकलत असतो.

हे कागदी भय नाही. आर्टेमिस १ मोहिमेत ओरायन ११ डिसेंबर २०२२ रोजी परतले तेव्हा त्याच्या अ‍ॅव्हकोट कवचावरून शंभराहून अधिक ठिकाणी कोळशाचे तुकडे निघाल्याचे आढळले. डिसेंबर २०२४मध्ये नासाने कारण जाहीर केले. ओरायन वातावरणात एकदा बुडी मारून वर उसळले आणि मग पुन्हा शिरले. मधल्या टप्प्यात उष्णता कमी झाली, कोळसा होण्याचा वेग मंदावला, पण आतले तापमान वायू सुटत राहण्याइतके होते. पुरेसा पारगम्य नसलेल्या अ‍ॅव्हकोटमध्ये वायू अडकला, दाब वाढला, तडे गेले. जमिनीवरच्या आधीच्या चाचण्यांत उष्णता जास्त होती, त्यामुळे कोळसा लवकर तयार होऊन वायूला वाट मिळत होती. जास्त तापवून घेतलेली चाचणी म्हणजे जास्त कठोर चाचणी, हे इथे खरे ठरले नाही.

म्हणून प्रक्षेपमार्गात उष्णतेची दोन शिखरे असतील, तर दाबाचे समीकरण चालू केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. पाटोमध्ये ते आहे. स्वतःच्या कोडमध्ये घालताना कमी दाबाची क्लिंकेनबर्ग दुरुस्तीही घाला, आणि कोऱ्या पदार्थाची व कोळशाची पारगम्यता वेगळी ठेवा. अडकणारा वायू नेमका या दोहोंच्या सीमेवर असतो.

मोजमापांशी तुलना

आर्क-जेट किंवा प्लाझ्मा टनेलमध्ये (अतितप्त वायूच्या झोतात) तपासलेल्या नमुन्यातून थर्मोकपलचे वक्र मिळतात. त्यांवर आंधळा विश्वास नको. पृष्ठभागाजवळ तापमान दर मिलिमीटरला शेकडो केल्विनने बदलते, तेव्हा ०.२ मिमीची खोलीची चूक सहज ५०-६० केल्विनची दिसते. खोली एक्स-रेने मोजलेली हवी, रेखाचित्रावरून घेतलेली नको. तार समतापी रेषेलगत वळवलेली नसेल तर ती स्वतःच उष्णता पळवते आणि वाचन कमी येते. के-प्रकारचे थर्मोकपल साधारण १,६५० केल्विनपुढे निकामी; त्यानंतरचा वक्र कापून टाका. लहान नमुन्याला बाजूनेही उष्णता मिळते, आणि पायकाची वाहकता तंतूंच्या प्रतलात जाडीच्या दिशेपेक्षा जास्त असते. मागच्या थर्मोकपलशी एकमितीय मॉडेल जुळत नसेल, तर गुणधर्म ओढूनताणून बसवण्याआधी द्विमितीय गणना करून पाहा.

खोलवरच्या थर्मोकपलवर सुरुवातीला, फार तापण्याआधी, वक्र मध्येच थोडा अडखळलेला दिसतो. पदार्थाने शोषलेल्या बाष्पाची ती करामत असते. मॉडेलमध्ये बाष्प नसेल तर ती जुळणार नाही, आणि जुळवण्यासाठी वाहकता बदलणे हा शुद्ध आत्मघात.

उड्डाणांनीही मॉडेलांना जमिनीवर आणले आहे. गॅलिलिओची प्रोब डिसेंबर १९९५मध्ये ४७ किमी प्रति सेकंदाने गुरूच्या वातावरणात शिरली. तिची झीज नाकावर अंदाजापेक्षा कमी आणि खांद्यावर जास्त झाली. मंगळावर ऑगस्ट २०१२मध्ये क्युरिऑसिटीच्या कवचात सात ठिकाणी थर्मोकपलचे संच होते. सर्वांत वरचे २.५४ मिमी खोलीवर होते आणि त्यांतले एकही जळून गेले नाही. समतोल रसायनाने काढलेली झीज याहून जास्त होती. स्टारडस्टच्या कवचातून कापलेल्या नमुन्यांतही तोच कल दिसला. कारण उघड आहे: बी-प्राइम तक्ता ऑक्सिडेशन क्षणात पूर्ण झाले असे मानतो, दाब कमी आणि पृष्ठभाग तुलनेने थंड असला की प्रत्यक्षात त्याला वेळ लागतो. अशा मोहिमेसाठी मर्यादित वेगाचे पृष्ठभाग-रसायन वापरा. समतोल तक्ता सुरक्षित बाजूने चुकतो, हे खरे. पण त्या सुरक्षिततेचे वजन यानच वाहून नेते.

गणना कुठे थांबवायची आणि जाडी कशी ठरवायची

उष्णतेचा झोत संपला की बॉन्डलाइन निवायला लागते, असे नाही. आतली उष्णता मागे मुरत राहते. ३० मिमी जाडी आणि कोऱ्या पदार्थाची विसरणक्षमता सुमारे १०चा उणे ६वा घात धरली तर हा काळ ९०० सेकंदांच्या घरातला. १२० सेकंदांवर थांबवलेल्या गणनेत बॉन्डलाइनचे शिखर दिसतच नाही. क्युरिऑसिटीसारखे कवच पॅराशूट उघडल्यावर टाकून द्यायचे असेल तर त्या क्षणापर्यंत चालवा, नाहीतर जमिनीवर टेकल्यानंतरही. सिलिकोन गोंदासाठी मर्यादा सहसा २५० अंश सेल्सिअसच्या आसपास धरतात.

जाडी काढताना सगळे घटक एकदम वाईट टोकाला नेऊ नका. वहन-गुणांक, कोळशाची वाहकता, विशिष्ट उष्मा, उत्सर्जकता आणि कोऱ्या पदार्थाची घनता यांना आपापली अनिश्चितता देऊन काही हजार वेळा यादृच्छिक गणना करा. बहुतेक वेळा असे दिसेल की झीज वहन-गुणांकावर हलते, तर बॉन्डलाइनचे तापमान वाहकता आणि विशिष्ट उष्म्यावर. चाचण्यांचा पैसा कुठे घालायचा हे यावरून ठरवा. अतिरिक्त जाडीचा हिशेबही दोन वेगळ्या ओळींत लिहा, एक झिजेसाठी आणि एक उष्णता मुरण्यासाठी. दोन्ही एकाच "सुरक्षा गुणका"त कोंबल्या, तर पुढच्या मोहिमेसाठी कवच पातळ करायची वेळ आल्यावर कोणती जाडी कापता येईल हे कुणालाच सांगता येणार नाही.